सेनाधिकाऱ्याचं मत आणि राज्यकर्त्याचा कान

आजचा विषय वाटतो तेवढा सोपा नाही. लष्करी अधिकाऱ्याने राजकारणाविषयी, सरकारी धोरणाविषयी मत बाळगावं का? बाळगलं तर बोलावं का? आपल्याकडे या प्रश्नाला दोन तयार उत्तरं आहेत. एक म्हणजे, शिपायाने हुकूम पाळावा, बाकीच्या गोष्टी त्याला कशाला हव्यात. दुसरं, पुढाऱ्यांनी देशाची वाट लावली आहे, चार वर्षं लष्कराच्या हातात कारभार द्या, सगळं सरळ होईल. चहाच्या टपरीवर ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून पाच मिनिटांच्या अंतराने ऐकायला मिळतात.

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. त्यामुळे प्लेटोपासून सुरुवात करण्याचा मोह होतो, पण तो एका वाक्यात आवरतो. 'रिपब्लिक'मध्ये प्लेटो विचारतो की शत्रूवर धावून जाणारा आणि घरच्यांशी मवाळ वागणारा राखणदार घडवायचा कसा, आणि उदाहरण देतो चांगल्या जातीच्या कुत्र्याचं. पण राखणदार हा माणूस असतो. त्याला डोळे असतात, पगार असतो, घर असतं आणि मत असतं. मत असू नये असा हुकूम काढता येत नाही. म्हणून मत आहे हे धरूनच चालावं आणि तीन गोष्टी तपासाव्यात, असं मला वाटतं. ते मत त्याने कोणाला सांगितलं? शेवटचा शब्द कोणाचा होता? आणि ज्याला सांगितलं त्याने त्याचं काय केलं?

हे तपासायला आपल्याला ग्रीसला जायची गरज नाही. आपल्या जालना जिल्ह्यातच पुरेसा ऐवज आहे.

असईचं मैदान

भोकरदन तालुक्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. दोनच दिवस आधी, २१ तारखेला, बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले होते. दोघांनी दोन वेगळ्या वाटांनी जायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असं ठरलं. पण २३ ला वेलस्लीला मराठी फौज अगदी समोरच दिसली आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढाई दिली. नदीला उतार कुठे आहे हे वाटाड्यांना सांगता येईना. वेलस्लीने पाहिलं की पिंपळगाव आणि वारूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. मग त्यांच्यामध्ये उतार असणारच, असा तर्क त्याने केला आणि तो बरोबर निघाला. त्याने लढाई जिंकली, पण मेलेले, जखमी आणि बेपत्ता धरून त्याची १,५८४ माणसं गेली. एवढ्या लहान फौजेला हा घाव फार मोठा होता.

हे सगळं शाळेपासून आपण ऐकतो. मला त्यानंतरच्या पत्रांविषयी बोलायचं आहे. टॉमस मन्रो त्या वेळी बेल्लारी-कडप्पा भागात कलेक्टर होता. तो मुळात पलटणीतला माणूस, नंतर महसुलाकडे वळलेला. त्याने वेलस्लीला पत्र लिहून स्वच्छ विचारलं की फौज दोन भागांत का विभागलीस, आणि स्टीव्हन्सन येईपर्यंत थांबला का नाहीस? लक्षात घ्या, जिंकलेल्या सेनापतीला, गव्हर्नर जनरलच्या सख्ख्या भावाला एक अधिकारी हा प्रश्न विचारतो आहे. आणि वेलस्ली चिडत नाही. नोव्हेंबरमध्ये तो सविस्तर उत्तर पाठवतो. एकाच वाटेने सगळी फौज नेली असती तर वेळ गेला असता आणि शत्रू दुसऱ्या वाटेने दक्षिणेला निसटला असता. आणि शत्रू समोर दिसल्यावर मागे फिरलो असतो तर त्याच्या घोडदळाने छावणीपर्यंत पाठलाग केला असता. मन्रोचं मत आपल्या बाजूला असावं, अशी इच्छाही तो व्यक्त करतो. दोन अधिकाऱ्यांमधला हा कागदावरचा वाद आहे. त्यात कोणाची बेअदबी नाही आणि कोणाची भाटगिरीही नाही.

आता दुसरी बाजू. या वेलस्लीच्या हातात तेव्हा केवळ फौज नव्हती. जून १८०३ मध्ये गव्हर्नर जनरलने त्याला दख्खनमधले लष्करी आणि राजकीय असे दोन्ही अधिकार देऊन टाकले होते. युद्ध कधी पुकारायचं आणि तह कोणत्या अटींवर करायचा, हे तोच ठरवत होता. डिसेंबरमध्ये देवगाव आणि सुर्जी अंजनगाव हे दोन्ही तह त्यानेच केले. म्हणजे तलवार, लेखणी आणि तराजू एकाच मुठीत. आपल्याकडे काही लोकांना हीच व्यवस्था आदर्श वाटते. पण ती परक्या सत्तेची व्यवस्था होती आणि तिच्यात रयतेला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, हे विसरू नये.

गंमत अशी की इतके अधिकार असलेल्या या माणसाचंही वरच्या धोरणाशी पटलं नाही. तहानंतर ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांकडे ठेवायचा की काढून घ्यायचा, हा वाद निघाला. गव्हर्नर जनरल तो सोडायला तयार नव्हता. वेलस्लीने मार्च १८०४ मध्ये जॉन माल्कमला लिहिलं त्याचा आशय असा, की दिलेल्या शब्दाची पत टिकवण्यासाठी ग्वाल्हेरच काय, आणखी कितीही सीमा मी सोडून देईन. हे त्याचं राजकीय मत होतं आणि सख्ख्या भावाच्या धोरणाविरुद्ध होतं. ते त्याने खासगी पत्रात मांडलं आणि हुकूम मात्र मोडला नाही. याच सुमाराच्या पत्रांमधून आणखी एक सूर ऐकू येतो, तो नोकरीविषयीच्या कुरबुरीचा. हिंदुस्थानात पुरेशी वर्षं काढली, आता दुसरीकडे काम मिळत असेल तर इथे राहण्यात अर्थ नाही, असं तो म्हणतो. पुढे हाच माणूस १८२८ मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान झाला.

असईत समोरच्या बाजूला कोण होतं? शिंद्यांच्या कवायती पायदळाचा मुख्य होता पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. कंपनी सरकारने युद्धाच्या वेळी जाहीर केलं की शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज प्रजाजनांनी ती सोडून यावं, त्यांच्या पोटाची सोय केली जाईल. बरेच अधिकारी निघून गेले. उत्तरेत शिंद्यांचा मोठा सेनापती पेराँ यानेही सप्टेंबर १८०३ मध्ये चाकरी सोडून इंग्रजांच्या मुलखात आश्रय घेतला. पोलमन असईत लढला, पण पुढे तोही कंपनीच्या नोकरीत गेला. या लोकांना राजकीय मत नव्हतं असं नाही. पण त्यांचं राज्याशी नातं फक्त पगाराचं होतं. ज्याला राज्याविषयी काही वाटत नाही तो अधिकारी आपल्याला राजकारणात लुडबूड करताना दिसत नाही, हे खरं. पण तो कठीण वेळी जागेवरही दिसत नाही.

छावणीचा पगार आणि वऱ्हाड

असईनंतर इंग्रजी फौजेचं जालन्यात बस्तान बसलं. इथली छावणी पुढे हैदराबाद कंटिन्जंटचं एक ठाणं झाली. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, अशी तिची इतर ठाणी होती. ही फौज निजामाच्या नावाची, तिचे अधिकारी इंग्रज, आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. भत्ते घसघशीत होते. पैसे बिचाऱ्या निजामाचे, अशी थट्टा खुद्द अधिकाऱ्यांमध्येच चालत असे.

नोकरीतल्या सुखसोयी हा वरवर पाहता अधिकाऱ्यांचा घरगुती विषय. पण बघा त्याचं पुढे काय झालं. पगार थकत गेले, निजामाच्या डोक्यावर कर्ज चढलं आणि १८५३ च्या तहाने डलहौसीने त्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दोआब निजामाकडून लावून घेतले. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळालं नाही. म्हणजे अकोला-अमरावतीचा शेतकरी कोणाला सारा देणार, हे जालना-हिंगोलीच्या छावणीतल्या पगारपत्रकावरून ठरलं. लष्कराचा भत्ता, निवृत्तिवेतन, भरतीची पद्धत या गोष्टी लष्करापुरत्या कधीच नसतात. त्या शेवटी रयतेपर्यंत येतात.

हे आपल्याकडे पूर्वीही माहीत होतं. शिवाजी महाराजांचं १६७३ सालचं, चिपळूण भागातल्या लष्करी जुमलेदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी वैरण आणि धान्य जपून वापरायला सांगितलं. ते संपलं की तुमची माणसं कुणब्यांच्या घरात शिरतील आणि मग लोक म्हणतील की याच्यापेक्षा मोगल बरा. सैन्याचा शिधा हा राज्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, हे याहून स्वच्छ शब्दांत कोणी सांगितलेलं मला माहीत नाही.

१९४८: सेनापती कारभारी होतो

आता शंभर वर्षं ओलांडून सप्टेंबर १९४८ मध्ये येऊ. हैदराबाद संस्थानावर भारत सरकारने फौज पाठवली. सोलापूरकडून मुख्य फळी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांची होती. औरंगाबादच्या बाजूने आलेल्या तुकड्यांना १४ सप्टेंबरला जालन्याजवळ प्रतिकार झाला, पण तो टिकला नाही. १७ तारखेला निजाम शरण आला आणि १८ ला निजामाच्या फौजेचे प्रमुख अल इद्रूस यांनी चौधरींपुढे शस्त्रं ठेवली. इद्रूस आणि पंतप्रधान मीर लायक अली या दोघांनीही पुढे आठवणी लिहिल्या, आणि आपण काय सल्ला दिला होता व कोणी ऐकलं नाही, यावर दोघांचं पटत नाही. जिथे सेनापतीचा सल्ला नीट लिहून घेतला जात नाही आणि राज्याचा आवाज रझाकारांच्या हातात जातो, तिथे नंतर असाच दोषांचा खेळ चालतो.

चौधरी लष्करी राज्यपाल झाले. सुमारे सव्वा वर्ष आपल्या मराठवाड्याचा कारभार एका सेनाधिकाऱ्याच्या हातात होता. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी तो पाहिलेला आहे, पण त्याची चर्चा फार कमी होते. या काळात दोन मोठे निर्णय झाले. निजामाच्या खासगी मालकीचा सर्फेखास मुलूख सरकारी मुलखात मिळवला गेला, आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द करणारा कायदा लागू झाला. संस्थानचा साधारण एक तृतीयांश मुलूख जहागिरींमध्ये होता. तिथल्या कुळाला तक्रार घेऊन सरकारकडे जाता येत नव्हतं, कारण जहागीरदार हेच त्याचं सरकार. हा प्रश्न एका फटक्यात निकालात निघाला. निवडून आलेल्या विधिमंडळाला यासाठी कदाचित पाच वर्षं लागली असती.

मग लष्करी राजवट चांगली, असं म्हणायचं का? थांबा, याच काळाची दुसरी पानंही वाचायला हवीत. रझाकारांनी गावोगाव जे अत्याचार केले ते आपल्याला तोंडपाठ आहेत, आणि ते विसरूही नयेत. पण पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर मुसलमानांच्या मोठ्या प्रमाणावर हत्या झाल्या. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसल्याचं समितीने नोंदवलं. काही ठिकाणी जवान आणि पोलीस लुटीत सामील होते आणि काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी लोकांना वाचवलं, अशा दोन्ही नोंदी त्यात आहेत. आणि हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. कायदा झटपट होणं आणि हिशेब न द्यावा लागणं, या दोन्ही गोष्टी त्या राजवटीत एकाच कारणाने शक्य झाल्या. वर विचारणारी विधानसभा नव्हती.

चौधरींच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. त्यांनी सत्ता सोडली. १९४९ च्या डिसेंबरात कारभार वेल्लोडी या मुलकी अधिकाऱ्याकडे गेला, १९५० मध्ये कूळकायदा झाला, १९५२ मध्ये निवडणूक होऊन लोकांचं सरकार आलं. त्याच दशकात पाकिस्तानात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तिथल्या अयुबखानांनी १९५८ मध्ये कारभार हातात घेतला आणि दहा वर्षं सोडला नाही. चौधरी आणि अयुबखान दोघेही सँडहर्स्टमध्ये शिकलेले. शिक्षण एक, सैन्याची परंपरा एक. फरक व्यक्तींच्या स्वभावातही असेल, पण मुख्य फरक त्यांच्या वर कोणती संस्था उभी होती, यात होता.

लखनौ, १९६०

इथवर आपण सत्ता हातात असलेले अधिकारी पाहिले. आता ज्याच्या हातात फक्त सल्ला होता, असा आपला मराठी माणूस पाहू. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगाव इथे गाजलेले, कोरियात भारतीय संरक्षक दलाचे प्रमुख आणि १९५७ पासून पूर्व विभागाचे सेनापती. चीनच्या सीमेचा मोठा भाग त्यांच्याकडे होता. चीन हल्ला करू शकतो, आपली ठाणी फार पुढे आणि विरळ आहेत, तिथे रस्ते नाहीत, म्हणून संरक्षणाची रेषा जरा मागे, जिथे रसद पोहोचते अशा ठिकाणी धरावी, असं त्यांचं मत होतं. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी ते लेखी वर पाठवलं. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन चिनी फौज कशी आणि किती वेगात आत येईल, हे अधिकाऱ्यांसमोर मांडलं.

दिल्लीत तेव्हा वातावरण काय होतं? ऑगस्ट १९५९ मध्ये लष्करप्रमुख थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्याने राजीनामा दिला होता, आणि नेहरूंच्या सांगण्यावरून परत घेतला होता. आपल्यानंतर थोरात यावेत, अशी थिमय्यांची शिफारस होती. नेमणूक झाली थापर यांची. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले. पुढच्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात जे झालं ते त्यांच्या सरावातल्या चित्राशी बरंच जुळणारं होतं.

आता माझे तीन प्रश्न लावून बघा. थोरातांनी मत कोणाला सांगितलं? आपल्या वरिष्ठांना, लेखी. शेवटचा शब्द कोणाचा होता? मुलकी सरकारचा, आणि ते थोरातांनी मान्य केलं. ते वर्तमानपत्राकडे गेले नाहीत, त्यांचं आत्मचरित्र १९८६ मध्ये आलं. पण तिसरा प्रश्न राहतो. ऐकणाऱ्याने काय केलं? तिथे उत्तर निराशाजनक आहे. अधिकाऱ्याने सगळे नियम पाळले आणि तरी देशाचं नुकसान झालं. मुलकी सत्तेचा शेवटचा शब्द, हे तत्त्व मी पूर्ण मानतो. पण शेवटचा शब्द उच्चारण्याआधी ऐकून घेण्याचं कर्तव्य त्या तत्त्वातच आहे. ते कर्तव्य टाळलं, तर शिपायाचं मौन ही केवळ राज्यकर्त्याची सोय होते.

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि आपले मघाचे चौधरी लष्करप्रमुख. या जोडीने काय केलं? सेनाधिकाऱ्यांना बोलायला बसवलं, त्यांचं ऐकलं, लढाईच्या आखणीत मंत्र्याने बोट घालायचं नाही हे पाळलं आणि धोरण मात्र सरकारनेच ठरवलं. १९६५ मध्ये त्याचा उपयोग झाला. मात्र १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही. म्हणजे चूक कोणाची, हे नागरिकाला आजही ऐकीव माहितीवरच ठरवावं लागतं.

आज आपल्यापुढे काय आहे

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ मुळे सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. १९५० च्या लष्कर कायद्याचं कलम २१ त्यातूनच आलं. सेवेत असताना राजकीय पक्षाचं काम करायचं नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्रात लिहायचं नाही. मतदान मात्र करता येतं. हे बंधन मला योग्य वाटतं. निवृत्तीनंतर तो आपल्यासारखाच नागरिक. आझाद हिंद सेनेचे जगन्नाथराव भोसले नेहरूंच्या सरकारात उपमंत्री होते, जनरल व्ही. के. सिंह २०१४ मध्ये निवडून आले. यात गैर काही नाही. गैर होतं ते गणवेशाची पुण्याई पक्षाच्या फलकावर लावण्यात, आणि विरोधी मत देणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्याला देशद्रोही म्हणण्यात. ही दोन्ही कामं आज सर्रास चालतात.

ताजं उदाहरण घ्या. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम. आपल्या भोकरदन, जाफराबाद, मंठ्याच्या रस्त्यांवर पहाटे पळणाऱ्या मुलांना विचारा, त्यांच्यासाठी हा धोरणाचा विषय नाही, लग्नाचा आणि जमिनीचा विषय आहे. या योजनेविषयी माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांनी आत्मचरित्रात लिहिलं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यातला भाग वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केला. लष्कराने सुचवलेली कल्पना लहान प्रमाणातली होती, असा त्यातला मुद्दा. त्यानंतर पुस्तक सरकारी तपासणीत अडकलं आणि ठरल्या वेळी बाजारात आलं नाही. गुप्त माहिती उघड होऊ नये, हे मान्य. पण भरती कशी असावी हे गुप्त कसं असेल? ज्याचा मुलगा जाणार आहे त्या बापाला, सैन्याने मुळात काय मागितलं होतं, हे कळायला नको का?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. अधिकाऱ्याने सेवेत असताना निर्भीडपणे, लेखी आणि वरच्याच माणसाला सांगावं. सरकारने ऐकून घ्यावं, निर्णय स्वतः घ्यावा आणि त्याची जबाबदारीही स्वतःच घ्यावी. आणि ठरावीक वर्षांनी ते कागद लोकांसमोर यावेत. असईच्या पत्रव्यवहाराचं आपण आज मोकळेपणी परीक्षण करू शकतो, कारण ती पत्रं छापली गेली आहेत. परक्या राज्याची पत्रं आपल्याला वाचायला मिळतात आणि स्वतःच्या राज्याची मिळत नाहीत, ही गोष्ट मला या वयात बरी वाटत नाही. तुम्हालाही वाटू नये.

वेळ झाली, थांबतो.